सायन्सच्या नव्या बिल्डिंगचा नकाशा आलाय, धुराची वाट कुठे दिसत नाही

जुनी ब्युरेट (रविवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी,

एकतीस वर्षं केमिस्ट्री शिकवून रिटायर झाले. आता दांडिया बाजारातल्या घरी गुडघे सांभाळत बसलेली असते. माझी एक जुनी विद्यार्थिनी बडोद्याबाहेर एका खाजगी विद्यापीठात विभागप्रमुख आहे. तिथे चार मजली सायन्स बिल्डिंग बांधायचं ठरलंय, शिकवणं आणि संशोधन एकाच छपराखाली. "मॅडम, तुम्ही समितीवर या, नाहीतर तिथे आमचं कोणी ऐकणार नाही," म्हणून तिने मला ओढलं.

परवा पहिली मीटिंग झाली. आर्किटेक्ट तरुण, गोड बोलणारा, अहमदाबादचा. मोठ्या पडद्यावर त्याने आम्हाला बिल्डिंगभर फिरवून आणलं. मधोमध चार मजले उंच चौक, वर काच, भोवती काचेच्या लॅब, आत पांढरे कोट घातलेली माणसं हसतायत. एका ओट्यावर तर चक्क मनीप्लँट. मी विचारलं, फ्यूम हूड (विषारी वाफा ओढून घेणारी, सरकत्या काचेची कपाटं) कुठे आहेत? त्याने कोपऱ्यातले चौकोन दाखवले. बरं, त्यांचा धूर वर कुठून जाणार, नकाशावर बोट ठेवून दाखव. तर म्हणे, "ते एचव्हीएसी (एसी आणि हवा खेळती ठेवायची यंत्रणा) कन्सल्टंट बघतील." ते कधी येणार? "स्लॅबची ड्रॉइंग्ज फायनल झाली की."

म्हणजे जिन्याची जागा ठरली, कॉफीच्या मशीनची ठरली, धुराची नाही.

मला आमची जुनी किप्सची (हायड्रोजन सल्फाइड वायू बनवायच्या उपकरणाची) खोली आठवली. व्हरांड्याच्या टोकाला, ईशान्य कोपऱ्यात, तीन बाजूंनी जाळी असलेली एवढीशी खोली. आपल्याकडे वारा उन्हाळ्यात-पावसाळ्यात नैऋत्येकडून येतो, त्यामुळे हायड्रोजन सल्फाइडचा वास सरळ मागच्या मोकळ्या जागेत निघून जायचा. ज्याने ती बांधली त्याला केमिस्ट्री येत होती की नाही कोण जाणे, वारा मात्र कळत होता. पुढे कुणालातरी ऑफिस हवं होतं. जाळीला ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या लागल्या, एसी बसला आणि किप्स मुख्य लॅबमध्ये आलं. त्यानंतर दर जानेवारीत परीक्षेच्या दिवसांत अख्ख्या मजल्याला सडक्या अंड्यांचा वास आणि माझी चांदीची जोडवी काळी ठिक्कर. घरी सासूबाई विचारायच्या, कॉलेजात नक्की करतेस तरी काय?

पुढच्या शनिवारी दुसरी मीटिंग आहे. ज्यांनी लॅबमध्ये आयुष्य काढलंय किंवा लॅब बांधल्यात त्यांनी सांगा, कशावर अडून बसू आणि काय सोडून देऊ? सगळ्यावरच अडले तर म्हातारी कटकट करते म्हणून बाहेर काढतील.

रावपुरा एक्स्प्रेस

ताई, कँटीन कुठल्या मजल्यावर आहे ते आधी पाहा. शेव-उसळीशिवाय संशोधन होत नाही, हे बडोद्यात सिद्ध झालेलं आहे.

डक्टवाला

काकू, तुम्ही एकदम बरोबर नस पकडलीत. माझं पोट याच धंद्यावर आहे, मकरपुऱ्यात डक्ट, म्हणजे हवा वाहून नेणारे पाइप, बनवतो. आम्हाला बोलावतात ते स्लॅब पडल्यावर. मग कोअर कटिंग (तयार स्लॅबला भोकं पाडणं), मग बीम आडवा आला म्हणून डक्टला चार कोपर, आणि शेवटी "तुमचा पंखा आवाज फार करतो".

हिशोब सांगतो, मीटिंगमध्ये तोंडावर टाका. एका हूडचं तोंड दीड मीटर रुंद, काच ४५ सेंटीमीटर वर उचललेली. आत जाणाऱ्या हवेचा वेग सेकंदाला अर्धा मीटर धरतात. गुणाकार करा, तासाला साधारण १,२०० घनमीटर हवा. लॅब १२ बाय ८ मीटर, उंची साडेतीन, म्हणजे ३३६ घनमीटर. त्यात सहा हूड एका वेळी चालले तर खोलीतली सगळी हवा तासाला २१-२२ वेळा बाहेर फेकली जाते. एसीने थंड केलेली हवा, मे महिन्यात, बाहेर ४३ डिग्री असताना! बिल पाहून ट्रस्टी हूड बंद करायला सांगतात आणि मग पोरं उघड्यावर काम करतात.

दुसरं, जेवढी हवा ओढाल तेवढी आत सोडायलाही लागते. ते विसरले की दार उघडत नाही. मी एक लॅब पाहिलीय, पोरं दोघं मिळून दार ओढायची आणि दाराखालच्या फटीतून शिट्टी वाजायची. त्यावर त्यांचा उपाय काय, तर दारात वीट. झालं, हूडचा अर्धा उपयोग संपला आणि कॉरिडॉरची धूळ आत.

प्रत्येक हूडला साधारण नऊ इंच व्यासाचा पाइप धरा. गच्चीवर त्याची चिमणी निदान ३ मीटर वर काढा आणि तिच्यावर टोपी बसवू देऊ नका. पाऊस आत येईल म्हणून सगळे टोपी घालतात. टोपी धूर खाली ढकलते. तोंड सरळ आकाशाकडे ठेवायचं, वेग जोरात ठेवायचा आणि पावसाच्या पाण्यासाठी बुडाशी एक भोक. ताजी हवा घेणारं तोंड नैऋत्येला, चिमण्या ईशान्येला.

रिसर्चची केमिस्ट्री वरच्या मजल्यावर न्या, म्हणजे डक्ट आखूड. फर्स्ट इयरला एवढे हूड लागत नाहीत, ते खाली चालतील. आणि हो, काच खाली ओढा असं प्रत्येक हूडवर मराठीत, गुजरातीत, इंग्रजीत लिहा. कोणी ओढणार नाही, पण लिहा.

थरथर

केमिस्ट्री वर गेली तर चांगलंच, कारण तळमजला आम्हाला हवाय. :)

मी फिजिक्सचा. माणसाला जमीन हलल्याचं कळतं त्याच्या खूप आधी मायक्रोस्कोपला कळतं. मोजमाप असं आहे: ऑफिससाठी जमिनीच्या कंपनाचा वेग सेकंदाला ४०० मायक्रोमीटरपर्यंत चालतो, साध्या चांगल्या मायक्रोस्कोपला साधारण ५०, आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या वरच्या प्रतींना ३ ते ६. हे फक्त जमिनीवर टेकलेल्या स्लॅबवर मिळतं, लटकत्या स्लॅबवर नाही. वरच्या मजल्यावर कॉरिडॉरमधून ट्रॉली गेली की लेझरचा ठिपका नाचतो. बडोदा जंक्शनच्या आसपास राहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. दिल्लीची गाडी की अहमदाबादची, हे आमच्या कपाटातल्या कपबश्या सांगायच्या.

एनएमआर (रेणूंची रचना तपासणारं, जबरदस्त चुंबकाचं यंत्र) घेणार असाल तर तोही तळमजल्यावर, पण लिफ्ट आणि पार्किंगपासून लांब. हलणारं लोखंड त्याला चालत नाही.

तळमजला नको

वरच्या सज्जनांनी २०२४ चा ऑगस्ट कुठे काढला? आम्ही समा-सावलीकडे गच्चीवर काढला. विश्वामित्री नदी घरात, फ्रिज तरंगतोय, आणि खाली गल्लीत मगर आहे की ओंडका यावर दोन बिल्डिंगांत वाद. २०१९ च्या ३१ जुलैलाही तेच. ज्या शहरात पावसाळ्यात स्कूटर पहिल्या मजल्यावर न्यावी लागते तिथे कोट्यवधीचा मायक्रोस्कोप तळमजल्यावर ठेवणार? जागेच्या मागून कांस (पावसाच्या पाण्याचा मोठा नाला) जाते का, ते आधी विचारा.

जुनी ब्युरेट

जाते. नकाशात तिला "वॉटर फीचर" म्हटलंय.

कोबा

हसू आवरत नाही.

थरथर आणि तळमजला नको, दोघंही बरोबर आहेत. भांडण मिटवायचा रस्ता आहे, पण तो पायाच्या वेळीच घ्यावा लागतो. मी स्ट्रक्चरवाला.

आधी माती. शहराबाहेर बऱ्याच ठिकाणी काळी माती लागते. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगा, त्या भेगेत हात जातो. त्यावर सरळ कोबा टाकून मायक्रोस्कोप ठेवलात तर दर ऋतूत जमीन वर-खाली. इमारतीला अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे काँक्रीटचे खांब, घ्या. रुरकीच्या सीबीआरआय या बांधकाम संशोधन संस्थेने ते याच मातीसाठी विकसित केलेत. खाली बल्बसारखा फुगवटा असतो, दांड्याच्या अडीचपट रुंद, तो न फुगणाऱ्या थरात अडकतो. ज्या खोल्यांत नाजूक यंत्रं बसणार तिथली काळी माती खोदून काढा, मुरूम भरून थराथराने दाबा आणि तो भराव पुराच्या ज्ञात पातळीच्या वर न्या. स्टिल्ट नको. पार्किंगच्या खांबांवर उभी असलेली जागा पुरातून वाचते, पण थरथरते. भरीव, उंच जोतं हवं, आपल्या जुन्या वाड्यांना असायचं तसं. त्यावर यंत्राचा स्लॅब बाकी इमारतीपासून फट ठेवून वेगळा.

त्यामुळे पायऱ्या वाढतात, रॅम्प लांब होतो, आणि आर्किटेक्टचं ते "बाहेरची हिरवळ आत येते" वगैरे बोंबलतं. बोंबलू द्या. विजेचं पॅनेल, जनरेटर, यूपीएस काहीही तळघरात नको. तळघरच नको खरं तर.

टी-स्क्वेअर

सगळे आर्किटेक्टवर घसरलात म्हणून लिहितो. मी बडोद्यातच शिकलो आणि याच धंद्यात आहे.

आम्हाला मिळतं काय, तर एक तक्ता. फिजिक्स लॅब इतके स्क्वेअर फूट, केमिस्ट्री लॅब इतके. त्यात धूर नसतो, सिलिंडर नसतात, धुणी-भांडी करणारा माणूस नसतो. विभागप्रमुखांना विचारलं तर ते म्हणतात, "आत्ताच्या दुप्पट द्या." यातून काय कळणार?

आणि चुका मोठ्यांनीही केल्यात. लुई कान, ज्यांचं आयआयएम आपल्या अहमदाबादला आहे, त्यांनी फिलाडेल्फियात पेनसिल्व्हानिया विद्यापीठासाठी रिचर्ड्स लॅब बांधल्या. धुराला, हवेला, जिन्याला विटांचे वेगळे उंच मनोरे. जगभरचे आर्किटेक्ट ते पाहायला जातात. म्हणजे जुन्या ब्युरेटताईंचा प्रश्न त्यांनी सोडवला होता, तोही थाटात. पण कोपऱ्यांत एवढी काच ठेवली की आत बसणाऱ्या शास्त्रज्ञांनी उन्हासाठी खिडक्यांवर फॉइल आणि कागद चिकटवले. पुढे १९६५ मध्ये कॅलिफोर्नियात त्यांचंच सॉल्क इन्स्टिट्यूट झालं तेव्हा लुई कान त्या चुकीतून शिकलेले होते. तिथे प्रत्येक लॅबच्या डोक्यावर नऊ फूट उंचीचा आख्खा मजला फक्त पाइप-डक्टसाठी. खाली प्रयोग चालू असताना वर प्लंबर उभा राहून काम करतो.

ते आपल्या बजेटमध्ये बसत नाही हे मान्य. त्याऐवजी लॅबच्या पाठीमागे चार-साडेचार फुटांची एक बोळ काढा, वाड्यामागे असायची तशी. सगळे पाइप, डक्ट, वायरी तिथे उघड्यावर. गळलं तर प्लंबर बाहेरून येईल, प्रॅक्टिकल थांबणार नाही. आणि मजल्याची उंची सव्वाचार मीटरच्या खाली येऊ देऊ नका. बिल्डर साडेतीनवर आणायला बघेल, कारण चार मजल्यांत मिळून एक मजला वाचल्यासारखं त्याला वाटतं.

आपल्या माणसाचंही नाव घेतो. अच्युत कानविंदे, सिंधुदुर्गातल्या आचऱ्याचे. हार्वर्डला ग्रोपियस या नामवंत आर्किटेक्टकडे शिकले, मग सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेचे मुख्य आर्किटेक्ट झाले. अहमदाबादच्या अटीरा (कापड संशोधन) आणि पीआरएल (भौतिकी संशोधन) या संस्थांच्या इमारती त्यांच्याच, कानपूरची आयआयटीही त्यांचीच, विभागांना जोडणारे वरून जाणारे रस्ते तिथे जाऊन पाहा. त्या कॉरिडॉरमध्ये वेगवेगळ्या विभागांची माणसं एकमेकांना आपोआप धडकतात. चौक त्यासाठीच असतो हो, शोभेसाठी नाही.

थरथर

धडकायला चौक लागत नाही. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाची बिल्डिंग २०, १९४३ मध्ये युद्धासाठी म्हणून लाकडात तात्पुरती उभी केली, १९९८ ला पाडली. दिसायला गोदाम. पण तिथली मंडळी सांगत, वायर न्यायचीय तर भिंतीला भोक पाडा, कोणाला विचारायला नको. आमच्याकडे एक खिळा ठोकायला इस्टेट विभागाची परवानगी लागायची.

थिसिस कधी देणार

पाचवं वर्ष. माझं म्हणणं थोडक्यात: बसायची जागा लॅबच्या आत नको, बाहेर पण काचेतून रिॲक्शन दिसेल अशी हवी. मी चार वर्षं हूडपासून तीन फुटांवर डबा खाल्लाय. मुलींचं टॉयलेट प्रत्येक मजल्यावर, एकाआड एक नाही. रात्री अकराला दोन मजले उतरून अंधाऱ्या कॉरिडॉरमधून जाणं हा काय प्रकार आहे? आणि एसीच्या बाहेरच्या युनिटांना जागा आधीच ठरवा. नाहीतर प्रत्येक सर आपापल्या खिडकीबाहेर लटकवतात आणि त्यावर कबुतरं संसार थाटतात.

पिपेट पुसणारा

वाचत होतो, लिहू की नको करत होतो. मी लॅब असिस्टंट, २८ वर्षं झाली. आम्हाला समितीवर कोणी घेत नाही, पण बिल्डिंग आम्हीच वापरतो, सर लोक दोन तास येतात.

१) प्रिपरेशन रूम. पंचवीस पोरांच्या बॅचची सोल्युशनं मी कुठे बनवणार? दर वेळी ती खोली शेवटी कोणाची तरी केबिन होते. ती दोन लॅबच्या मध्ये हवी, दोन्हीकडे दार, आणि मध्ये उंबरठा नको. ट्रॉलीवर चाळीस बाटल्या असतात, अर्ध्या इंचाच्या पट्टीला चाक अडकलं की पुढची बाटली गेलीच.

२) फरशी. कोटा स्टोन सगळीकडे टाकतात, स्वस्त पडतो. कोटा म्हणजे चुनखडी. हायड्रोक्लोरिकचा थेंब पडला की फसफसतो आणि खड्डा. आमच्या लॅबमध्ये बाटल्यांच्या कपाटाखाली असे इतके खड्डे आहेत की नवीन मुलं विचारतात, इथे गारा पडल्या होत्या का? कडप्पाही त्याच जातीचा. ओट्याला काळा ग्रॅनाइट घ्या, सांधे इपॉक्सीने भरा.

३) सेफ्टी शॉवर. हे मी डोळ्यांनी पाहिलंय म्हणून सांगतो. मे महिना, सप्लिमेंटरीचं प्रॅक्टिकल, एका पोराच्या दंडावर आणि शर्टावर ॲसिड उडालं. त्याला ओढत शॉवरखाली नेला, साखळी खेचली. पाणी आलं, पण गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं. दुपारचे दोन. पोरगं ॲसिडने नाही एवढं पाण्याने किंचाळलं आणि बाहेर पळालं. शेवटी पिण्याच्या पाण्याचा कूलर त्याच्यावर रिकामा केला. नियम म्हणतो पंधरा मिनिटं पाण्याखाली उभं राहायचं. कढत पाण्याखाली कोण राहील? आणि खाली निचऱ्याला जाळीच नव्हती. मिनिटाला ७५ लिटर, पंधरा मिनिटांचं अकराशे लिटरच्या वर. लॅबभर तळं होईल म्हणून सात वर्षांत कोणी तो शॉवर चालवूनच पाहिला नव्हता.

४) सिलिंडर बाहेर, जाळीच्या खोलीत, पाइपने आत. ॲसिटिलीनला तांब्याचा पाइप लावू देऊ नका, त्याचं जे काही तयार होतं ते फुटतं. नायट्रोजनचा द्रव लिफ्टने न्यायचा तर माणूस जिन्याने, डबा एकटा लिफ्टने. लिटरभर सांडला तर सुमारे सातशे लिटर वायू होतो, लिफ्टमध्ये श्वासाला हवा उरत नाही.

जास्त बोललो असेन तर माफ करा.

जुनी ब्युरेट

भाऊ, तुम्ही जास्त नाही बोललात. माझ्या यादीचा पहिला नंबर आता तुमचा तिसरा मुद्दा आहे.

त्यावरून एक आठवलं. २६ जानेवारी २००१, पावणेनऊला आम्ही सगळे झेंडावंदनाला मैदानात होतो. भूकंप थांबल्यावर वर स्टोअररूम उघडली तर आत पांढरं धुकं. आमच्या स्टोअरकीपरने बाटल्या इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लावल्या होत्या, अमोनिया आणि 'ॲसिड, हायड्रोक्लोरिक' शेजारी शेजारी. दोन्ही खाली. फळ्यांना पुढे बोटभर पट्टी असती तर एकही पडली नसती. ती पट्टी सुताराने नंतर एका दुपारात लावून दिली.

डक्टवाला

पट्टी हवीच. आणि ॲसिडच्या कपाटाला वेगळा डक्ट, नाहीतर बिजागऱ्या दोन वर्षांत गळून पडतात.

जुनी ब्युरेट (पुढचा रविवार, दुपारी ४.१५)

अपडेट देते. मीटिंगच्या आधी मी एक आगाऊपणा केला. आर्किटेक्टला फोन करून म्हटलं, शुक्रवारी माझ्याबरोबर एका जुन्या लॅबमध्ये चल, प्रॅक्टिकल चालू असताना. आला बिचारा, पांढरे बूट घालून. दोन तास उभा होता. पंचवीस मुलं, बारा सिंक, त्यातली चार तुंबलेली. दप्तरं ठेवायला जागा नाही म्हणून सगळी दप्तरं पॅसेजमध्ये, नेमकी फायर एक्झिटच्या दारासमोर. असिस्टंटने त्याला कपाटाखालची फरशी दाखवली. तो उकिडवा बसला, खड्ड्यात करंगळी घालून पाहिली आणि मग पहिल्यांदाच वही काढली.

शनिवारी नवा नकाशा आला. दोन्ही टोकांना धुराचे शाफ्ट, रिसर्चची केमिस्ट्री वर, शिकवायच्या लॅब खालच्या दोन मजल्यांवर, मागे बोळ आहे (पाच फुटांची मागितली, चारची मिळाली). जोतं उंच झालं, पॅनेल पहिल्या मजल्यावर गेलं. प्रिपरेशन रूम आली, दोन्हीकडे दार. चौक राहिला पण निम्मा झाला. टी-स्क्वेअर, तुमच्यासाठी मी त्याच्यावर अडले नाही. दप्तरांना खण आले, हे मी मागितलंही नव्हतं.

पश्चिमेची काच राहिली. ट्रस्टींना हायवेवरून इमारत चमकताना दिसायला हवीय. मी मे महिन्यातल्या दुपारी चारला त्यांना आत बसायला बोलावणार आहे. शॉवरची टाकी सावलीत घ्या म्हटलं, तर उत्तर आलं, "ते प्लंबिंग कन्सल्टंट बघतील." मिनिट्समध्ये लिहून घेतलंय, तारखेसकट.

रावपुरा एक्स्प्रेस

आणि कँटीन?

जुनी ब्युरेट

तळमजला, ईशान्य कोपरा. चिमण्यांच्या बरोब्बर खाली. बदलायला सांगितलंय.